लाल बटन कृपया न दाबण्याबाबत

प्रति,
मा. संचालक (डॉ. स्वेतोलिक मिल्यानिच),
सार्वजनिक रुग्णालय, लिपोवार.

विषय : एमआरआय कक्षात अडकलेल्या दोन माणसांना बाहेर काढण्याबाबत, आणि ते होईपर्यंत कोणीही लाल बटन न दाबण्याबाबत.

संदर्भ : मागच्या अंगणातल्या पाइपाविषयी मी वेळोवेळी केलेले अर्ज. (उत्तर मिळालेले नाही.)

महोदय,

मी खाली सही करणार ग्वोझ्देन पेत्रोनियेविच, आपल्या रुग्णालयातील एमआरआय विभागाचा तंत्रज्ञ, आपणास विनंतीपूर्वक कळवतो की हा अर्ज मी त्याच विभागाच्या आतल्या खोलीतून, म्हणजे जिथे यंत्र आहे तिथून, लिहीत आहे. दार उघडत नाही. माझ्यासोबत रुग्ण श्रीमती स्तानोयका वुचेतिच, शाळेच्या निवृत्त स्वयंपाकीणबाई, आहेत. आम्ही दोघेही तूर्त धडधाकट आहोत.

अर्ज पेन्सिलीने लिहिला आहे. असा अर्ज आवक विभाग स्वीकारत नाही, हे मला माहीत आहे. परंतु पेनात स्प्रिंग असते, आणि स्प्रिंगचे पेन मी या खोलीत कधीच आणत नाही. कागद म्हणून रुग्णांच्या संमतिपत्रांची कोरी बाजू वापरली आहे. सलाइनची नळी आत घेता यावी म्हणून भिंतीत मनगटाएवढी पितळी नळी बसवलेली आहे. तिच्यातून एकेक पान गुंडाळून बाहेर सरकवतो आहे. पलीकडे आपले देखभाल कर्मचारी श्री. जिवोराद उभे आहेत. नळीला तोंड लावून ओरडले तर त्यांना ऐकू जाते, पण तोंडी सांगण्यावर ते काहीही करायला तयार नाहीत. "मास्तर, तुम्ही कागद द्या. तोंडी हुकमावर मी एकदा हात घातला, तो अजून पोळतोय," असे ते म्हणतात. तो हुकूम कोणता, हे पुढे कलम ४ मध्ये येईल.

१. दाराबाबत. हे दार आतल्या बाजूला उघडते. त्याला आतून तांब्याचा पत्रा आणि चौकटीला पितळी पट्ट्या आहेत, आणि बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरू नयेत म्हणून ते मुळातच घट्ट बसते. वसंतात बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या परिचारिकांनी तक्रार केली की दाराच्या फटीतून आरपार वारा येतो आणि खांदा धरतो. फट नव्हती. तरीही श्री. जिवोराद यांनी चौकटीला जाड लोकरी नमदा चिकटवून दिला आणि त्या दिवसापासून खांदे बरे झाले. आज उकाड्यात तो नमदा सुटून दाराखाली गोळा झाला आहे. स्तानोयकाबाईंची तपासणी अर्ध्यावर थांबवून मी त्यांना पाणी आणायला निघालो, तर दार हलेना. दोन्ही हातांनी ओढले, तेव्हा हँडल उपटून हातात आले आणि झोक जाऊन मी मागे यंत्रापर्यंत गेलो.

येथे नमूद करणे भाग आहे की मूळ हँडल पितळेचे होते. ते तुटल्यावर भांडारातून जे दुसरे बसवण्यात आले ते लोखंडाचे आहे. त्या वेळी मी हरकत घेतली होती. आज यंत्राजवळ जाताच ते हँडल माझ्या मुठीतून निघाले आणि यंत्राच्या तोंडावर जाऊन आदळले. अजून तिथेच चिकटलेले आहे. स्तानोयकाबाई नुकत्याच टेबलावरून उतरून खुर्चीत बसल्या होत्या. त्या अजून झोपलेल्या असत्या तर ते कुठे लागले असते, हे मी अर्जात लिहू इच्छित नाही. त्यांनी ते सगळे पाहिले आणि म्हणाल्या, "पोरा, दार उघडायचं तर दाराशी झगड. यंत्रावर कशाला राग काढतोस?"

२. विजेबाबत. तोपर्यंत आतला-बाहेरचा ध्वनिसंच चालू होता. मी त्यावरून श्री. जिवोराद यांना परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, "थांबा, आधी चुंबक बंद करतो," आणि त्यांनी विभागाची मुख्य वीज तोडली. दिवे गेले, पंखे गेले, ध्वनिसंच गेला. चुंबक गेले नाही.

महोदय, हे चुंबक विजेच्या बटनाने बंद होत नाही. रात्री, रविवारी, सणावारी, वीज गेल्यावरसुद्धा ते चालूच असते. प्रत्येक नव्या माणसाला मी हे सांगतो. तो मान डोलावतो, आणि मनात पक्के धरून चालतो की संध्याकाळी कुलूप लावताना ग्वोझ्देन ते बंद करूनच घरी जात असणार. आता श्री. जिवोराद वीज पुन्हा जोडू पाहत आहेत, पण बटन वर राहत नाही, दर वेळी खाली पडते. आमच्याकडे भिंतीवरचा एक लहानसा आणीबाणीचा दिवा आहे. पंखा नसल्यामुळे खोली तापत चालली आहे. छताजवळच्या हवेच्या जाळीवरही चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत, कारण रुग्णांच्या मूत्रपिंडांना गार वारा लागतो अशी तक्रार होती. मी खुर्चीवर चढून त्या पट्ट्या काढल्या. स्तानोयकाबाईंनी लोकरी बंडीची सगळी बटने लावली आणि मला त्या परत लावायला लावल्या. "घामाने मेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. वाऱ्याने गेलेले माझ्या एकटीच्या घरात तीन," असे त्या म्हणाल्या. त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्याइतकी हवा आमच्याकडे नाही.

३. लाल बटनाबाबत. आता मुख्य मुद्दा. डॉ. वुकाशिन, जे ईस्टरनंतर नव्याने रुजू झाले, ते रुग्णालयाच्या आजच्या सणाच्या पंगतीतून उठून इथे, बाहेरच्या खोलीत, आले आहेत. माणूस कामसू आणि मनाने चांगला आहे, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. त्यांनी तिथल्या भिंतीवरची, लाल बटनाशेजारची सूचना वाचली आहे. तीत लिहिले आहे की माणूस अडकल्यास लाल बटन दाबावे. दोन खोल्यांमधल्या खिडकीच्या काचेतून ते मला आधी सूचना दाखवतात, मग आम्हा दोघांकडे बोट करतात, मग बटनाकडे.

ती सूचना चुंबकाने अडकलेल्या माणसासाठी आहे. म्हणजे एखादी लोखंडी खाट उडाली आणि यंत्र व खाट यांच्यामध्ये माणूस चेंगरला, तर. आम्हाला चुंबकाने अडकवलेले नाही. आम्हाला नमद्याने अडकवलेले आहे.

लाल बटन दाबले की यंत्रातला अतिथंड द्रव एकाएकी उकळतो आणि त्याचा प्रचंड वायू होतो. त्यानंतरच चुंबक मरते. तो वायू विषारी नाही, त्याला वासही नाही, पण तो खोलीत भरला तर श्वास घ्यायला हवा उरत नाही. शिवाय त्याचा दाब आतून दारावर पडतो, आणि आत उघडणारे दार मग चार पैलवान लावले तरी ढकलता येत नाही. म्हणूनच यंत्र बसवणाऱ्यांनी त्या वायूला थेट बाहेर जाण्यासाठी एक जाड पाइप दिला आहे. तो पाइप मागच्या अंगणात उघडतो.

उघडत असे.

४. पाइपाबाबत. आपल्या मानेविषयी मला आदर आहे, हे आरंभीच लिहितो. मार्चमध्ये आपण त्या पाइपाखालच्या बाकावर सकाळची कॉफी घेत असताना आपली मान धरली. तेव्हापासून आपण रेशमी मफलर वापरता. आज जुलैची चौदा तारीख असूनही तो आपल्या गळ्यात आहे, आणि त्याबद्दल आपल्यासमोर कोणी अक्षर काढत नाही. त्या दिवशी आपण श्री. जिवोराद यांना तोंडी सांगितलेत की त्या पाइपातून वारा येतो, त्याचा बंदोबस्त करा. त्यांनी वॉर्डातली एक जुनी गादी गुंडाळून पाइपात ठोकली, वरून सिमेंट केले, रंग दिला आणि शेवटी हौसेने जिरेनियमची कुंडी टांगली. काम सुबक झाले आहे. पाइप होता हे नवख्याला सांगावे लागते.

मी लगेच अर्ज केला. त्यानंतरही करत राहिलो. बैठकीत आपण सांगितलेत की असा कोणताही आदेश दिला गेलेला नाही आणि पाइप नकाशाप्रमाणे जागेवर आहे. पुढे श्री. जिवोराद यांना लेखी ठपका मिळाला, तो पाइप बुजवल्याबद्दल नव्हे, तर पाइप बुजवल्याची अफवा पसरवल्याबद्दल. आता नळीतून मी त्यांना विनवले की सब्बल घेऊन मागच्या अंगणात जा आणि गादी काढा. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : "मास्तर, जे मी घातलंच नाही ते काढू कसं? माझ्याकडे सही-शिक्क्याचा कागद आहे की तिथे काही नाही."

म्हणजे कागदोपत्री पाइप मोकळा आहे. कागदोपत्री डॉ. वुकाशिन यांचे बरोबर आहे. आत बसून चूक ठरणारे आम्ही दोघेच.

५. विनंती. सबब, आपणास विनंती की :

(अ) लाल बटन कोणीही दाबू नये.

(आ) दार फोडण्यासाठी लोखंड आणू नये. श्री. जिवोराद यांनी सब्बल आणून दाराला टेकवून ठेवली आहे. दार सुटताच ती त्यांच्या हातातून जाईल, आणि त्या वाटेत आम्ही आहोत. अग्निशामक दलाचे लोक आले तर त्यांनी कुऱ्हाडी आणि कमरेचे पट्टे बाहेर ठेवावेत. मी हे बोलून दाखवले तेव्हा श्री. जिवोराद हसले आणि म्हणाले की नाव ग्वोझ्देन, म्हणजे लोखंडी, आणि लोखंडाला एवढा भितो. हा विनोद माझ्यावर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होत आला आहे.

(इ) या खोलीसाठी खास बिनलोखंडी हत्यारांची पेटी आलेली आहे. ती महाग असल्यामुळे आपण ती आपल्या दालनातल्या काचेच्या कपाटात, फुटबॉलच्या चषकांशेजारी, ठेवली आहे. तिच्यातला लांब पितळी पेचकस या नळीतून आत द्यावा. दाराच्या बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. मी स्वतः दार काढतो. कोणालाही काही फोडावे लागणार नाही.

श्री. जिवोराद यांनी वरील पाने वाचली आणि कळवले की कपाटाची किल्ली आपल्या खिशात आहे, आपण वरच्या मजल्यावर पाहुण्यांसोबत आहात, आणि आज ज्यांचा सण आहे त्या संत कोझ्मा व दाम्यान यांच्या नावाची भाकर कापायची वेळ झाल्यामुळे कोणी मध्ये बोलू शकत नाही. शिवाय अर्जाला आवक क्रमांक नाही. आवक नोंदवणाऱ्या स्पोमेंकाबाई वर सणाचे उकडलेले गहू वाढत आहेत.

६. रुग्णाबाबत. श्रीमती स्तानोयका गुडघ्याच्या तपासणीसाठी गेल्या द्राक्षतोडणीपासून रांगेत होत्या. आज सुट्टी असूनही त्यांना बोलावले, कारण बेलग्रेडहून आलेल्या मंत्रालयाच्या बाईंना यंत्र चालू असलेले दाखवायचे होते आणि चालू यंत्रात कोणीतरी असावे लागते. त्यांची तपासणी अर्धीच झाली. त्यांनी मला विचारायला सांगितले आहे की आजचा दिवस धरला जाईल का पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागेल. दोन वेळा विचारून झाले. बाहेरच्या बाकावर त्यांच्या पिशवीत आपल्या विभागासाठी भाजून आणलेला चीजचा पोळा आहे. तो कोणीतरी खात आहे हेही त्यांनी काचेतून पाहिले आहे.

त्या घाबरलेल्या नाहीत. मी घाबरलो आहे. मी इतकी वर्षे लोकांना या नळकांड्यात सरकवताना सांगत आलो की डोळे मिटा, हळू श्वास घ्या, मी बाहेर आहे. आज बाहेर मी नाही. तिथे जो आहे त्याचा हात कुठे जाईल हे मला ठाऊक नाही, आणि माझी नजर त्या हातावरून हलत नाही.

७. (पुढील पान.) महोदय, आपण खाली आलात. आपण मला काचेतून दिसता. आपल्या शेजारी मंत्रालयाच्या बाई आहेत. डॉ. वुकाशिन यांनी आपल्याला भिंतीवरची सूचना दाखवली. माझी आधीची पाने श्री. जिवोराद यांच्या काखेत आहेत. ती आपल्याला देऊ का नको, असे त्यांना झालेले दिसते, कारण त्या बाई पाहत आहेत आणि पानांत गादी आहे. आपण बटनावरचे पारदर्शक झाकण उचललेत. मी काचेवर हात आपटले. आपण मला तळवा दाखवून धीर दिलात, आणि मग नळीतून आपला आवाज आला : "ग्वोझ्देन, घाबरू नका. एका बटनात मोकळे करतो तुम्हाला." मी नळीतून ओरडलो की गादी, साहेब, गादी. आपण बाईंकडे वळून हसलात आणि म्हणालात की रुग्ण गादी मागताहेत.

हे पान मी ताबडतोब नळीत घालत आहे.

८. वरील पान माझ्याच हातात परत आले. नळी पलीकडून बंद झाली आहे. काचेतून दिसले ते असे : आपण बटनासमोर, नळीला मान लावून उभे होतात. आमची तापलेली हवा त्या नळीतून बाहेर जाते, ती आपल्या मानेला लागली. आपण चटकन बाजूला झालात, काहीतरी बोललात ('वारा!' ओठांवरून तो शब्द या देशात कोणीही ओळखेल), गळ्यातला मफलर काढलात आणि नळीत कोंबलात. मग हात पुन्हा बटनाकडे नेलात.

मी पान काचेला लावले, पण फिकट पेन्सिल आपल्याला वाचता आली नाही. पान हातात, आणि पलीकडे जाण्याचे एकमेव भोक बुजलेले. मी काचेवर फक्त मान हलवत राहिलो, नाही, नाही. आपण होकारार्थी मान हलवलीत.

तेव्हा स्तानोयकाबाई खुर्चीतून उठल्या. दुखऱ्या गुडघ्यावर रेलून त्यांनी नळीत दोन बोटे घातली, रेशमाचे टोक पकडले, आणि पाव भाजण्याच्या भट्टीतून फडके ओढावे तसा आपला मफलर आत ओढून घेतला. आपला हात बटनापासून निघाला तो मफलर धरायला. तो क्षण मी विसरणार नाही. आपण मनगटापर्यंत नळीत हात घातलात, तो रिकामाच बाहेर काढलात, आणि बाई त्याच नळीला तोंड लावून म्हणाल्या, "साहेब, आता कसं वाटतं? वारा लागतोय ना? म्हणजे नळी मोकळी आहे. मोकळी आहे म्हणून माझा आवाज येतोय तुम्हाला."

त्यांच्या पुढे मला एवढेच लिहायचे आहे. महोदय, थोडा वेळ त्या नळीला बोळा होता, आणि मी पाठवलेले पान माझ्याच अंगावर परत आले. मागच्या अंगणातल्या पाइपालाही बोळा आहे. आपण बटन दाबलेत तर तिथूनही जे निघाले ते परत येईल, आणि ते पान नसेल. हे या इमारतीत तीन माणसांना ठाऊक आहे. श्री. जिवोराद बोलू शकत नाहीत, त्यांना ठपका आहे. माझे कोणी ऐकत नाही, मी अर्जदार आहे. तिसरे आपण.

आपण काहीही मान्य करावे असे माझे म्हणणे नाही. लेखी आदेशात गादी हा शब्द येण्याची गरज नाही. 'सणानिमित्त मागच्या अंगणातील पाइपाची साफसफाई करावी' एवढे लिहून सही केलीत तरी श्री. जिवोराद यांना पुरेल. सब्बल त्यांच्या हाताशी आहेच, फक्त ती या दारापासून उचलून मागच्या अंगणात न्यावी. ठपक्याचा कागद आहे तसाच राहू द्या. मंत्रालयाच्या बाईंना जिरेनियमची कुंडी खाली का उतरवली ते सांगायचे झाल्यास पाणी घालायला असे सांगता येईल. आणि कपाटाची किल्ली.

९. स्तानोयकाबाईंची स्वतंत्र अट त्यांच्याच शब्दांत नोंदवतो, कारण त्यांनी चष्मा आणलेला नाही : "मफलर माझ्या गळ्यात आहे. चांगला उबदार आहे. मागच्या पाइपातून गादी निघाली, तिचा कापूस मला या काचेतून दाखवला, की परत मिळेल. तोवर साहेबांनी नळीसमोरच उभं राहावं, उघड्या मानेने. हललात तर मी समजेन की बटनाकडे निघालात."

आपण अजून नळीसमोरच आहात. मानेवर हात ठेवला आहे, झाकण उघडे आहे. श्री. जिवोराद आपल्या तोंडाकडे पाहत कोरा कागद पुढे धरून उभे आहेत. पेन त्यांचे चालेल. बाहेर स्प्रिंगची भीती नाही.

आपल्या सहीची काचेपलीकडून वाट पाहणारा,

ग्वोझ्देन पेत्रोनियेविच
(तंत्रज्ञ, एमआरआय विभाग)

स्थळ : आतली खोली, लिपोवार
दिनांक : १४ जुलै

सोबत :
१. दाराचे हँडल (लोखंडी) : जोडता आले नाही, यंत्राला चिकटलेले आहे.
२. कलम ७ चे पान, एकदा परत आलेले.
३. रेशमी मफलर, एक : जोडलेला नाही. अट कलम ९ प्रमाणे.